काटा, पट्टी आणि गेट्स: गूळ अडतीच्या प्रोग्रॅमच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

गणपती गेले. मिरवणुकीची झोप अजून डोळ्यांवर आहे, तरी सकाळी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात जाऊन आलो. गूळ अडतीचं दुकान, २००४ पासून एकच कॉम्प्युटर: पेंटियम ४, त्यावर रेड हॅट लिनक्स ९. पॉवर सप्लाय दोनदा बदललाय, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत. दिवाणजी कॅबिनेटवर दोन थापा मारतात, दुसऱ्या थापेला मशीन उठतं.

थोरल्या मालकांचं म्हणणं एकच. पाडव्याला मुहूर्ताचा सौदा आहे, त्या दिवशी काटा बंद पडता कामा नये. पाडवा २२ ऑक्टोबरला. धाकट्या मालकांना सगळं क्लाउडवर हवंय. थोरले म्हणाले, "ढगातनं पाऊस येऊ दे, हिशेब नको." तिथं विषय संपला.

प्रोग्रॅम दोन आहेत. एक पडद्याचा, त्यात दिवाणजी शेतकऱ्याचं खातं निवडतात. दुसरा काट्याचा. तो सीरियल पोर्टवरून वजन वाचतो, पडद्याच्या प्रोग्रॅमनं दिलेल्या खात्यावर चढवतो आणि डॉट मॅट्रिक्सवर चिठ्ठी छापतो. संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्यांची मिळून पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब होतो. दोन्ही सी भाषेत, आमच्या सरांनी लिहिलेले. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकत होतो. सर आता नाहीत.

अडचण अशी की सीडीवरचा सोर्स, म्हणजे सरांनी लिहिलेला मूळ कोड, २००५ चा आहे आणि दुकानात चालतोय तो प्रोग्रॅम २००६ मध्ये कंपाइल केलेला. मधल्या वर्षात सरांनी काय बदललं ते कुठेच लिहिलेलं नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

नवं मशीन आलं. डेबियन १३ हे लिनक्स घातलं, म्हणजे जीलिबसी (जवळपास सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी सीची मूळ लायब्ररी) २.४१ आणि जीसीसी (सीचा कंपायलर) १४. जुनी डिस्क जोडून दोन्ही प्रोग्रॅम उचलले. ते ३२ बिटी, मशीन ६४ बिटी, म्हणून ३२ बिटी जीलिबसी वेगळी घातली. पडद्याच्या प्रोग्रॅमला एनकर्सेसची (पडद्यावर मजकूर मांडणारी) ५ क्रमांकाची लायब्ररी लागते, ती जुन्या डिस्कवरूनच कॉपी केली.

आणि चालला! २००६ चा प्रोग्रॅम, एक बाइटही न बदलता. निळा पडदा, वर दुकानाचं नाव, खाली "खाते क्रमांक टाका". १९ वर्षांत जीलिबसीच्या किती आवृत्त्या गेल्या, लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, २.४ वरून ६.१२ वर आला, तरी त्याला पत्ताच नाही.

शिकाऊ मुलगी शेजारी होती. तिला वाटलं मी काहीतरी जादू केली. श्रेय जीलिबसीवाल्यांचं. लायब्ररीतल्या प्रत्येक फंक्शनच्या नावाला आवृत्तीची चिठ्ठी चिकटवलेली असते. फंक्शनचं वागणं बदलावं लागलं तर नव्या चिठ्ठीचं नवं फंक्शन येतं आणि जुन्या चिठ्ठीचंही आत राहतं. जुना प्रोग्रॅम जुनी चिठ्ठी दाखवतो, त्याला जुनं मिळतं. मेमकॉपी या मेमरीतला मजकूर इकडून तिकडे उतरवणाऱ्या फंक्शनचं उदाहरण प्रसिद्ध आहे. २०१० मध्ये फेडोरा १४ या लिनक्सवर फ्लॅश प्लेअरचा आवाज फाटायला लागला, कारण मेमकॉपी वेगवान करताना कॉपीची दिशा बदलली होती आणि फ्लॅश एकमेकांवर चढलेल्या जागांसाठीही तेच फंक्शन वापरत होतं. ते नियमाबाहेरचं होतं, पण वर्षानुवर्षं खपून गेलेलं. पुढं जीलिबसी २.१४ मध्ये मेमकॉपीला नवी चिठ्ठी मिळाली, जुन्या प्रोग्रॅमना जुनी चाल मिळत राहिली.

कर्नलही तसाच. ३२ बिटी लिनक्समध्ये फाइलची माहिती देणाऱ्या स्टॅट कॉलच्या तीन पिढ्या आहेत: आजोबा, बाप आणि ६४ नावाचा नातू. तिघांना वेगवेगळे नंबर.

दुपारी चहा पिताना वाटलं, काम संपलंच की. बिल किती लावायचं याचा विचार चालू केला. (ही ओळ मुद्दाम ठेवतोय.)

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नुसता जुना प्रोग्रॅम उचलून देणं मनाला पटेना. उद्या पट्टीत एक रकाना वाढवायचा म्हटलं तर? म्हणून सीडीवरचा सोर्स कंपाइल करायला घेतला. ४१ चुका.

निम्म्या हेडर (फंक्शनांची नावं जाहीर करणारी फाइल) न जोडल्याच्या. पूर्वी न सांगता फंक्शन वापरलं तर कंपायलर कुरकुरायचा आणि पुढं जायचा. जीसीसी १४ नं २०२४ पासून ती चूकच ठरवली. सरांच्या जुन्या ढंगाच्या फंक्शन व्याख्या, ज्यात आर्ग्युमेंटचे प्रकार कंसाबाहेर खालच्या ओळीत लिहितात, त्या १४ मध्ये अजून खपतात. १५ मध्ये त्यांवरही कंपायलर कुरकुरेल, कारण तिथं न सांगता सी२३ हे नवं स्टँडर्ड धरलं जातं.

मग गेट्स, म्हणजे आत येणारी ओळ वाचणारं सीचं फंक्शन.

गेट्सला फक्त जागेचा पत्ता द्यायचा. ती जागा केवढी आहे हे सांगायची सोयच त्यात नाही. ओळ येईल तेवढी आत ओतत राहतं. ८० अक्षरांच्या डब्यात २०० अक्षरं आली तर १२० शेजाऱ्याच्या घरात. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपणहून पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटभर गेला, त्याची एक वाट हीच होती: फिंगर सेवेत ५१२ बाइटचा बफर (मजकुराचा डबा) आणि पुढं गेट्स. एवढं होऊनही पुढच्याच वर्षी आलेल्या पहिल्या सी स्टँडर्डमध्ये गेट्स आहे. सी९९ मध्येही आहे. २००७ च्या दुरुस्तीत 'कालबाह्य' असा शिक्का बसला आणि २०११ च्या स्टँडर्डमधून नाव गेलं. वर्म ते हकालपट्टी, २३ वर्षं.

आजच्या डेबियनवर काय होतं ते करून पाहिलं. नुसतं वापरलं तर हेडरमध्ये नाव नाही, म्हणून कंपायलर अडवतो. स्वतःच वर एक ओळ लिहून नाव जाहीर केलं तर कंपायलर गप्प. मग लिंकर (प्रोग्रॅम लायब्ररीला जोडणारा) धोक्याचा इशारा देतो आणि तरीही जोडून देतो! प्रोग्रॅम तयार, चालतोसुद्धा. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप, मागचं दार नुसतं लोटलेलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

शिकाऊ मुलीशी वाद. तिचं म्हणणं, "दादा, धोकादायक आहे हे १९८८ पासून माहितीय, तर ऑपरेटिंग सिस्टिमनं ठेवलंच कशाला? काढून टाकायचं. ज्याचा प्रोग्रॅम मोडेल तो दुरुस्त करेल."

मी म्हटलं, कोण दुरुस्त करेल? सर गेले. सोर्स जुळत नाही. यार्डात, उद्यमनगरात, शिरोलीच्या फाउंड्रीत असे किती प्रोग्रॅम चालू असतील जे लिहिणारा आज कुठं आहे हे कुणाला ठाऊक नाही. ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट केली आणि सोमवारी सकाळी काटा बंद, तर मालक पुढच्या वेळी अपडेटच करणार नाही. मग एका गेट्सपायी बाकी शंभर सुरक्षा दुरुस्त्या हुकल्या.

ती म्हणाली, "म्हणून २००३ ची रेड हॅट चालू होती का?"

बोलती बंद. अपडेटनं काही मोडेल या भीतीनं आम्ही खरंच कधी अपडेट केलं नव्हतं. अपडेट केलं असतं तर मोडलं नसतं, हे परवा कळलं.

तिला विंडोजची तऱ्हा सांगितली. व्हिज्युअल बेसिक ६ चं सॉफ्टवेअर वापरणारी माणसं या शहरात अजून आहेत. त्यात प्रोग्रॅम लिहायच्या साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टनं २००८ मध्ये बंद केला, पण लिहून झालेले प्रोग्रॅम चालवणारा रनटाइम आजच्या विंडोजवरही चालतो. सीच्या बाबतीत तिथं प्रत्येक जुना प्रोग्रॅम आपल्या काळची रनटाइम लायब्ररी सोबत घेऊन येतो, तेव्हा नव्या लायब्ररीतून काही काढलं तरी जुन्याचं बिघडत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ मधून गेट्स असंच निघालं. उलट १६ बिटी प्रोग्रॅम ६४ बिटी विंडोजवर अजिबात चालत नाहीत, ते दार सरळ बुजवलं. जुन्या फॉक्सप्रोवाल्यांनी तेव्हा डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमचा आधार घेतला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

४१ पैकी ३८ चुका संपल्या. उरलेल्यांत एक मजेशीर आहे.

सरांनी चूक झाल्याचा संदेश छापायला सिस-एररलिस्ट वापरलंय. एरर नंबर घाला, त्या नंबरचं वाक्य मिळतं. साधं कोष्टक, त्यातून कुणाचं घर फुटलेलं नाही. पण लिंकरनं ठाम नकार दिला. जीलिबसी २.३२ पासून, म्हणजे २०२० पासून, नव्या प्रोग्रॅमला हे कोष्टक जोडता येत नाही. त्याऐवजी स्ट्रएरर वापरा म्हणतात. जुन्या प्रोग्रॅमना मात्र अजून मिळतं.

म्हणजे निरुपद्रवी कोष्टक गेलं आणि गेट्स इशाऱ्यावर सुटलं. असं उलटं का, यावर संध्याकाळभर डोकं खाजवलं. कोष्टकाची लांबी प्रोग्रॅममध्ये भाजली जाते. लिनक्समध्ये नवा एरर नंबर आला की कोष्टक लांबतं, की जुन्या लांबीसाठी एक आणि नव्या लांबीसाठी एक अशी वेगळी चिठ्ठी ठेवावी लागते. दर वेळी लायब्ररी सांभाळणाऱ्याच्या डोक्याला ताप. गेट्सला सांभाळायला काही लागत नाही. थोड्याशा ओळी, कधी न बदलणाऱ्या, कोपऱ्यात पडून आहेत.

तेव्हा 'डेप्रिकेटेड' (यापुढं वापरू नका म्हटलेल्या) गोष्टी कोणत्या क्रमानं जातात हे बऱ्याचदा त्या सांभाळणाऱ्याला किती छळतात यावर ठरतं. वापरणाऱ्याला किती छळतात हा हिशेब वेगळ्या वहीत. सन आरपीसीचा (दुसऱ्या मशीनकडून काम करवून घेणारा) कोड जीलिबसीच्या त्याच आवृत्तीत नव्या प्रोग्रॅमसाठी बंद झाला, तोही मोठा, जुना आणि सांभाळायला जड. त्याला निदान बाहेर वेगळी लायब्ररी होती. सांभाळणाऱ्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर माझ्या डोक्यावरचं ओझं आधी उतरवलं असतं. पण क्रम चुकीचा आहे एवढं खरं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

नव्या मशीनला सीरियल पोर्ट नाही. लक्ष्मीपुरीतून यूएसबी-सीरियल केबल आणली. पहिली खराब निघाली, दुसरी चालली. दिवस गेला.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

दुकानात काट्याची, वह्यांची, कॉम्प्युटरची पूजा. जुन्या आणि नव्या, दोन्ही मशीनला झेंडूची माळ. सुट्टीचा मूड, म्हणून दिवाणजी बोलायला मोकळे होते.

म्हणाले, "नवा प्रोग्रॅम करायलास तर ते एक बघ बाबा, पट्टी दुसऱ्याच्याच खात्यावर पडायची ते."

मला आठवलं. आमच्याकडे तक्रार आली होती दोन-तीनदा. शेतकरी म्हणायचा माझे ४० रवे (गुळाच्या ढेपा) आले, पट्टी २७ ची कशी? उरलेले १३ भलत्याच माणसाच्या नावावर निघायचे. सरांनी आणि मी येऊन पाहिलं होतं. प्रोग्रॅम व्यवस्थित चालत होता. सर म्हणाले होते, माणसाच्या हातून चुकीचं बटण दाबलं जातं. मीही मान डोलावली होती. दिवाणजींना त्यावरून थोरल्या मालकांची बोलणी बसली, एकदा पगारातून पैसेही कापले, हे मला आज कळलं.

"मी बटण दाबलं न्हवतं," ते म्हणाले. रागानं नाही, माहिती द्यावी तसं. मग कपाटातून एक पाठकोरी वही काढली. प्रत्येक चुकीच्या पट्टीची नोंद: तारीख, कुणाचा माल, कुणाच्या खात्यावर पडला. वीस वर्षांत १४ नोंदी. वही घरी घेऊन आलो.

४ ऑक्टोबर, शनिवार

रात्री दोनला लिहितोय.

वहीतली 'कुणाच्या खात्यावर पडला' ही खाती एका खाली एक लिहून काढली: ३०२, २९८, ३०१, ३०५, २९९, ३०२, ३००... चौदाच्या चौदा २९५ ते ३०६ मध्ये. दुकानात सहाशेच्या वर खाती आहेत. दिवाणजींचं बोट नेमकं तिथंच का घसरेल? त्या खात्यांच्या माणसांवर संशय घेण्याइतकं काही नाही, ती वेगवेगळ्या गावची आहेत.

मग डोक्यात आलं की ३० किलोचा रवा. ३०.२ किलो. ३०२.

कोल्हापुरी गुळाचा जुना रवा ३० किलोचा. काट्याचा इंडिकेटर (वजनाचे आकडे दाखवणारी पेटी) वजन ७ अक्षरांत पाठवतो: एक अधिक चिन्ह आणि ६ आकडे, शेवटचा आकडा दशांशाचा. ३०.२ किलो म्हणजे +०००३०२. हा जुना इंडिकेटर वजन डळमळत असेपर्यंत अशा सात अक्षरी चौकटी सलग पाठवत राहतो, सेकंदाला दोन. वजन स्थिरावलं की शेवटच्या चौकटीनंतर ओळ संपल्याची खूण पाठवतो. म्हणून सरांनी ओळीतली शेवटची ७ अक्षरं वजन म्हणून घेतली होती. ओळीसाठी जागा ८० अक्षरं. अकरा चौकटी म्हणजे ७७, साडेपाच सेकंद. तेवढ्यात काटा स्थिर होतोच, असा हिशेब.

पण हमालाचा पाय फळीवर राहिला, किंवा वाऱ्यानं ताडपत्री काट्यावर आपटत राहिली, की बारावी चौकट येते. ८४ अक्षरं. गेट्स विचारत नाही. पहिली ८० डब्यात, पुढची चार शेजारी.

शेजारी कोण? प्रोग्रॅममधली नावं पुसलेली नव्हती, त्यामुळे कोणती गोष्ट कुठल्या पत्त्यावर आहे हे दिसलं. ओळीच्या डब्याला लागून खाते क्रमांक, आणि तो मजकुराच्या रूपात. ८० वजा ७७ म्हणजे बाराव्या चौकटीची पहिली तीन अक्षरं, +००, डब्यात मावतात. उरतात ०३०२. तीच खाते क्रमांकाच्या जागी जाऊन बसतात. शेवटची ७ अक्षरं बरोबरच असल्यामुळे वजन अचूक. खातं बदललेलं. आणि दिवाणजी पुढच्या शेतकऱ्याचा माल घेईपर्यंत त्या लॉटचे उरलेले सगळे रवे ३०२ वर.

नव्या मशीनवर जुना प्रोग्रॅम चालवून हातानं बारा चौकटींची ओळ पाठवली. खातं ११७ निवडलं होतं. चिठ्ठीवर ३०२ आलं. पुन्हा केलं, पुन्हा ३०२. रवा २९.८ चा केला, २९८. चौकटी आणखी वाढवल्या तर चिठ्ठीच्या डोक्यावरचं दुकानाचं नाव जाऊन नुसते आकडे यायला लागले. 'प्रिंटर येडा झालाय' म्हणून ज्या तक्रारी यायच्या त्या ह्या.

स्टॅकवरच्या (फंक्शनच्या तात्पुरत्या जागेतल्या) घुसखोरीसाठी कंपायलर जे पहारे बसवतात ते असते तरी इथं उपयोग नव्हता, कारण हा डबा स्टॅकवर नाहीच. प्रोग्रॅम कोसळला असता तर बरं झालं असतं. तो कोसळला नाही, शांतपणे एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर लिहीत राहिला.

६ ऑक्टोबर, सोमवार

दोन दिवस ह्यावरच विचार.

११ सप्टेंबरला मला आनंद झाला होता की २००६ चा प्रोग्रॅम जसाच्या तसा चालतो. जसाच्या तसा, म्हणजे चुकीसकट. जीलिबसीनं वागणं इतकं इमानानं जपलं की दिवाणजींवरचा आळही जपला गेला असता. त्या दिवशी बिल लावून मोकळा झालो असतो तर पुढच्या वीस वर्षांची सोय झाली होती.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते. २००४ मध्ये कंपाइल करताना लिंकरनं तोच इशारा दिला होता. गेट्स धोकादायक आहे, वापरू नका. मला पडदा आठवतो. मी सरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, आपल्या काट्यावर कोण हॅकर येतोय? आम्ही हसलो. हॅकर लागलाच नाही, हमालाचा पाय पुरला.

मुलीला हे सगळं दाखवलं. जिंकल्याचा भाव तिनं चेहऱ्यावर आणला नाही, हे तिचं मोठेपण. फक्त विचारलं, "मग आता काढायचं का?"

माझं मत आज असं आहे. चालवणं, जोडणं आणि लिहिणं ही तीन वेगळी दारं आहेत, आणि 'आधार द्यावा की नाही' असा एकच प्रश्न विचारला की तिन्ही एकत्र सापडतात. लिहायचं दार स्टँडर्डनं बंद केलं, बरं झालं. जोडायचं दार पूर्ण बंद करायला पाहिजे, आणि ते करून दाखवलंय फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमनं: २०२१ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून गेट्स नव्या प्रोग्रॅमला जोडताच येत नाही, जुने जोडलेले प्रोग्रॅम चालतात. जीलिबसीनं सिस-एररलिस्टला जे केलं तेच गेट्सला करावं, इतकं साधं. कुणाचा चालता धंदा मोडत नाही.

चालवायचं दार मात्र उघडं ठेवावं, आजही म्हणतो. पण आवाज करत उघडं. मॅकवर गेट्स वापरणारा प्रोग्रॅम चालवला की तो प्रोग्रॅमच पडद्यावर इशारा लिहितो की हा असुरक्षित फंक्शन वापरतोय. लिनक्सवर असं काही होत नाही. इशारा फक्त जोडताना, आणि जोडणारा आम्हीच, हसणारे.

मुलगी म्हणाली, "इंग्रजी इशारा दिवाणजी वाचणार होते का?" वाचलं नसतं. पण रोज सकाळी तीच ओळ दिसली असती तर त्यांनी वहीत उतरवून ठेवली असती, हे मी पैजेवर सांगतो. ज्या माणसानं चौदा नोंदी ठेवल्या तो ती ओळ सोडणार नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

दिवाणजींना सांगितलं. थोरल्या मालकांसमोर, मुद्दाम. जुन्या मशीनवर बारा चौकटींची ओळ पाठवून चिठ्ठी छापून दाखवली. मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दिवाणजी चिठ्ठीकडं बघत म्हणाले, "म्हंजे रव्याचं वजनच खातं झालं व्हय." मी त्यांची माफी मागितली. त्यांनी चहा सांगितला.

कापलेल्या पैशांचं मालक आणि ते बघतील. त्यात मी पडलो नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मुलीनं गेट्स काढून एफगेट्स घातलं, तीच ८० ची मर्यादा देऊन. म्हणाली झालं. चालवून पाहिलं तर एका रव्याच्या दोन नोंदी.

एफगेट्स ७९ अक्षरं घेऊन थांबतं, उरलेली ओळ पुढच्या वेळी देतं. ८४ अक्षरांच्या ओळीतली शेवटची ५ अक्षरं नवी ओळ म्हणून आली आणि तिला प्रोग्रॅमनं नवा रवा समजलं. त्यात शेवटची ७ अक्षरं शोधायला गेला, ५ च होती, म्हणजे डब्याच्या आधीची जागा वाचली. शिवाय गेट्स ओळीअखेरची खूण खाऊन टाकतं, एफगेट्स ठेवतं. आधी पैसे चुकीच्या माणसाला जायचे, आता नसलेल्या गुळाचे पैसे तयार होत होते.

'एक शब्द बदला, सोपं आहे' म्हणून जुनी फंक्शनं बिनधास्त काढा म्हणणाऱ्यांना ही चिठ्ठी दाखवायला ठेवलीय.

शेवटी असं केलं: एका वेळी एक अक्षर वाचायचं, शेवटची पूर्ण चौकट तेवढी लक्षात ठेवायची. ओळ २० चौकटींच्या वर गेली तर वजन घ्यायचंच नाही, पडद्यावर "काटा हलतोय, पुन्हा ठेवा". खाते क्रमांक मजकुराऐवजी संख्या म्हणून ठेवला. नाव कॉपी करायला एसटीआरएलकॉपी वापरलं. हे ओपनबीएसडीमध्ये १९९८ चं, जीलिबसीत यायला २०२३ उजाडलं. तिथं जुनं जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच नवं यायला.

जाता जाता: जुन्या नोंदींच्या फाइलमध्ये वेळ ३२ बिटांत साठवलीय. १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडच्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर ती उलटेल. आवृत्तीच्या कितीही चिठ्ठ्या चिकटवल्या तरी लायब्ररी इथं काही करू शकत नाही, कारण चार बाइट फाइलमध्येच आहेत. फाइल ६४ बिटांत रूपांतरित केली. ३,१२,००० च्या आसपास नोंदी, दीड सेकंद लागला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

२००५ चा सोर्स आणि २००६ चा प्रोग्रॅम यांतला फरक सापडला. सरांनी दोनच गोष्टी बदलल्या होत्या. चिठ्ठीवरचं एक स्पेलिंग, आणि ओळीचा डबा ६४ वरून ८० केला होता.

म्हणजे तक्रार आल्यावर त्यांना कुठंतरी संशय आला होता. डबा वाढवला, मला काही बोलले नाहीत. ६४ चाच राहिला असता तर त्यात नऊच चौकटी मावल्या असत्या आणि चुका कितीतरी पट झाल्या असत्या. वाढवल्यानं वर्षाकाठी एखाद्यावर आल्या. शोधता येणार नाहीत इतक्या कमी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

जुनं आणि नवं मशीन शेजारी ठेवून, एकाच काट्याची केबल दोघांना वाटून दिवसभर चालवली. २१४ रवे. दोन्हीकडे २१४, खाती जुळली. दुपारी मी स्वतः फळीवर पाय ठेवून उभा राहिलो, हमाल हसत होते. जुन्यानं ते वजन ९१६ वर चढवलं. असलं खातंच नाही, म्हणून चिठ्ठी कोरी. नव्यानं पुन्हा ठेवायला सांगितलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

सकाळी सहाला यार्डात. नारळ, पेढे, नव्या गुळाचा वास. मुहूर्ताचा पहिला रवा थोरल्या मालकांनी स्वतः काट्यावर ठेवला. ३०.४. खातं ८८, चिठ्ठीवर ८८. दिवाणजींनी चिठ्ठी फाडली, उजेडात धरून वाचली आणि मगच शेतकऱ्याच्या हातात दिली.

अकराच्या सुमाराला गर्दीत पडद्यावर "काटा हलतोय, पुन्हा ठेवा" आलं. दिवाणजी वळून ओरडले, "पाय काढ रं!"

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बाकी कामं: पडद्याच्या प्रोग्रॅममधलं गेटहोस्टबायनेम बदलायचं. केबिनमधलं मशीन शोधायला ते लागतं. पॉझिक्स या युनिक्सच्या स्टँडर्डमधून २००८ लाच गेलंय, चालतं अजून. २०१५ चं घोस्ट हे सुरक्षेच्या भोकाचं प्रकरण ह्याच्याच पोटात होतं. पुढच्या आठवड्यात.

जुनं मशीन बंद करून माळ्यावर ठेवलं. दिवाणजींची वही परत द्यायला गेलो तर म्हणाले, तुझ्याकडंच ठेव, मी नवी केलीय. पहिल्या पानावर तारीख, वेळ आणि "काटा हलतोय" किती वेळा आलं ते. आज तीन.

मुलीनं जीलिबसीच्या मेलिंग यादीला पत्र लिहायला घेतलंय: गेट्स नव्या प्रोग्रॅमला जोडू देऊ नये. त्यात ३०२ चं उदाहरण घालू का म्हणून विचारत होती. घाल म्हटलं, फक्त रवा म्हणजे काय ते आधी समजावून सांग.